आधीचा चेहरा

“तुम्ही त्या ‘आधी’वाल्या ना?” चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या पलीकडे बसलेल्या पोरीनं मला विचारलं, आणि माझ्या हातातली फ्रेम तिच्या नाकावर अर्धवट टेकलेली तशीच राहिली. मला वाटलं, ही कुणाशी तरी माझी गल्लत करतेय. दिवसभर आरशांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईकडे लोक एरवी बघतही नाहीत; बघतात ते स्वतःलाच. मी म्हटलं, “कसली आधीवाली?” तर तिनं पर्समधून फोन काढला, बोटानं भराभर वर ढकलत नेला आणि माझ्यापुढे धरला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चेहरे. डावीकडचा माझा. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, कपाळ, नाक, हनुवटी लखलखतायत, नाकाच्या दोन्ही बाजूंची रंध्रं मोजून घ्यावीत इतकी ठळक, आणि खाली लिहिलेलं, ‘आधी’. उजवीकडे माझी मुलगी. तिच्या खाली, ‘नंतर’. ती हसत होती. पोरगी म्हणाली, “काय छान सांगते हो ती! तेलकट त्वचेचं कोरियन रुटीन तिच्याइतकं सोपं करून कुणीच सांगत नाही. मी तिचं बघूनच सुरू केलं. तुम्ही तिच्या शेजारच्या काकू ना? ती म्हणते ना नेहमी, आमच्या शेजारच्या काकू, बिचाऱ्यांनी आयुष्यभर स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, म्हणून शेवटी मीच त्यांना हातात घेतलं. माझी त्वचा अगदी त्यांच्यासारखीच होती, म्हणते.” मी म्हणाले, “हो. भिंतीला भिंत आहे आमची.”

म्हणाले खरी. तोंडातून गेलं ते गेलं. दुसरी कुणी असती तर तिथंच फटकन म्हणाली असती, अगं शेजारची कुठली, नऊ महिने पोटात वागवलीय तिला. पण मी काय केलं, तर पोरीच्या कानामागं बोट घालून काडी कुठं टोचतेय का ते बघितलं आणि गरम वाळूच्या भांड्यात ती काडी खुपसून थोडी वाकवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखलं म्हणून सांगायचं कुणाला? पोरीचं नाक माझ्यासारखंच होतं. अशा नाकावर चष्मा ठरत नाही, घसरत घसरत शेंड्यावर येतो, मग माणूस दिवसभर तो वर ढकलत बसतो, आणि वर्षभरात नाकावर टेकणारे ते दोन नोजपॅड हिरवे पडतात. मी ते बदलून देते. गिऱ्हाईक ओशाळं होतं, म्हणतं, घाम फार येतो हो मला. मीही म्हणते, हो, उन्हाळा फार आहे. भर थंडीत म्हणते. ती पोरगी नवी फ्रेम घालून आरशात हसली आणि जाताना म्हणाली, “काकू, तुम्ही ते सिरम लावता ना अजून? मग फरक का नाही पडला?” मालक गल्ल्यावरून बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, “काय हो, गाजताय म्हणे तुम्ही?” मी म्हटलं, “डोंबल गाजतेय,” आणि काचेवरचे माझ्याच बोटांचे ठसे पुसायला घेतले.

फरक का नाही पडला, म्हणे. फरक पडायला तो तेलकटपणा काय एका पिढीचा होता? माझ्या आईचा चेहरा असाच होता आणि तिला त्याची अशी काही चीड होती की विचारू नका. तेल म्हणजे घाण, हा तिचा एकमेव सिद्धांत. सकाळ-संध्याकाळ साबणानं तोंड खसाखसा धुवायची, कातडी ओढल्यासारखी झाली की म्हणायची, हां, आता स्वच्छ. आणि तासाभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता तेव्हा ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली, खरखरीत टॉवेलाचं टोक पाण्यात बुडवून आणलं होतं, सगळ्या मुलींच्या देखत माझं तोंड धरून पुसलं, आणि म्हणाली, “वात ठेवली तर पेटेल कार्टीच्या तोंडावर.” मुली हसल्या. त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत माझं नाव ‘चकाकी’. फोटोत मी आहे, दुसऱ्या रांगेत, पण माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड पडलाय; डोळे तेवढे शोधून काढता येतात. आईचा हात म्हटलं की मला तो टॉवेलच आठवतो. तिनं पुष्कळ केलं माझ्यासाठी, नाही असं नाही, आजारपणं काढली, शिकवलं, पण तिचा नुसता हात, कशासाठीही नसलेला, माझ्या गालावर कधी आल्याचं मला आठवत नाही. मीही माझ्या मुलीचं तोंड शाळेला निघताना पुसायचे. चांगला मऊ टॉवेल आणला होता. ती मान फिरवायची, मी हनुवटी धरून सरळ करायचे. आयांना वेळ कुठं असतो?

तिला आम्ही घरात ठकी म्हणायचो. तिचे बाबा होते तोवर ती ठकीच होती. ते गेले आणि ती एकदम मोठी झाली, म्हणजे तिनं दार लावून घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास तिच्या कपाळावर पहिली पुटकुळी आली, मग गालावर, मग सगळीकडे. मी म्हटलं, साबणानं धू. तिनं धुतलं. जितकं धुवावं तितकं वाढत गेलं. एकदा जेवता जेवता ती माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. मी म्हटलं, काय गं? तर म्हणाली, “काही नाही. पुढे काय होणार ते बघतेय.” वर म्हणाली, “हे तू दिलंस मला.” घर दिलं, फी भरली, रात्रीची जागले, ते नाही, हे दिलं! मला इतका राग आला की मी ताट उचलून उठले. पण मोरीत भांडी घासताना मनात म्हटलं, खोटं काय बोलली? दिलंच की मी. दुसरं काय होतं माझ्याकडे वाटायला? त्यानंतर ती आपल्या खोलीत जेवायला लागली. आमच्यात भांडण असं नव्हतं. दूध आणलंस का, चावी कुठाय, उशीर होईल, एवढ्यावर आमचं चालायचं. भिंतीला भिंत आहे आमची, हे मी त्या पोरीला अगदीच खोटं सांगितलं नाही म्हणायचं.

मग त्या बाटल्या आल्या. आधी एक-दोन, मग न्हाणीघरातलं फळकुट भरलं, मग तिच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट. वरची कोरियन अक्षरं वाचता येत नव्हती, चित्रांवरून अंदाज बांधायचा. एकीवर तांदळाची लोंबी, एकीवर चहाचं पान, एकीवर चक्क गोगलगाय. मी विचारलं, ही कशाला, तर म्हणाली, तिचा चिकटा असतो, त्यानं त्वचा भरून येते. मी म्हटलं, “शी गं बाई.” ती हसली. किती दिवसांनी हसली ते मला सांगता येणार नाही, पण ते हसू बघून मी वाटेल त्या गोगलगायीला घरात घ्यायला तयार झाले. मग ती सांगायला लागली आणि मी दारात उभी राहून ऐकत राहिले. सगळ्यांत आधी तेल लावायचं म्हणे. तेलकट चेहऱ्याला तेल! काट्यानं काटा काढतात ना आई, तसं. तेलच तेलाला ओढून घेतं. मग फेसाचं धुणं, तेही हळू, घासायचं नाही. मग टोनर, तो हातानं थोपटत जिरवायचा. मग पातळ एसेन्स, मग सिरम, मग पाण्यासारखं हलकं क्रीम, कारण चेहरा कोरडा पडला की तो घाबरून आणखी तेल सोडतो. दिवसा उन्हासाठी वेगळं. “आणि एवढं करून काय होतं?” मी विचारलं. “चेहरा काचेसारखा चमकतो.” मी म्हटलं, “म्हणजे शेवटी चकाकायलाच हवं ना? माझा काय वाईट आहे मग?” तर म्हणाली, “अगं, तो ग्लो. तुझं ते तेल.” “हां, माझं फुकटचं आहे म्हणून होय!” आम्ही दोघी हसलो. आणि हसता हसताच ती म्हणाली, “आई, बस ना. तुझ्यावर करून बघू?”

मी खुर्चीत बसले. दुकानातून आले होते, तोंडही धुतलं नव्हतं. धुवायला उठले तर म्हणाली, नको, आहे तस्संच हवंय मला. खिडकीकडे तोंड करून बसवलं, केस मागे बांधले, फोन एका काठीवर लावला. तो कशाला, विचारलं, तर म्हणाली, फरक दिसायला हवा ना पुढे. मग तिनं तळव्यावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि माझ्या चेहऱ्यावर ठेवले. आता हे मी कसं सांगू? माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागून किती काळ लोटला होता. तिचे बाबा असताना, तेही कधीमधी, अंधारात. इथं भर उजेडात माझी मुलगी कपाळापासून खाली, नाकाच्या बाजूनं, गालांवर गोल गोल हात फिरवत होती, न घासता, घाई न करता. पुसत नव्हती. ज्या चेहऱ्याचा तिला इतका तिटकारा, तोच तिनं ओंजळीत धरला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, “डोळ्यांत गेलं का गं?” मी म्हटलं, “हो, झोंबतंय जरा.” तिनं कापसानं अलगद टिपलं. त्या दिवशी मी अंगाला ओला रंग लावल्यासारखी जपून वावरले, कशाला टेकलेसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या सकाळी उठून साबणानं चेहरा खसाखसा धुतला. मुद्दाम नव्हे, जन्माची सवय. ओलसर, गुळगुळीत काहीतरी तोंडावर आहे म्हटल्यावर माझा हात साबणाकडे जातोच, आईनं तो तसाच घडवलाय. मग संध्याकाळी पुन्हा ठकीनं बसवलं, पुन्हा सगळं साग्रसंगीत. पुढे पुढे तो आमचा नेमच झाला. मी दुकानातून पाय ओढत निघायचे, पण आमच्या जिन्याशी आले की पाय हलके व्हायचे. तिची त्वचा खरं तर सुधारत चालली होती, डाग पुसट झाले होते, कपाळ उजळलं होतं. माझं मात्र होतं तिथंच. ती माझ्या गालावर बोट ठेवून म्हणायची, “तुझंच का नाही बरं होत?” आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, माझ्या लक्षात आलं, की हे बरं झालं की खुर्ची उचलली जाणार. माझ्या चेहऱ्यात काम उरलं नाही तर तिचे हात कशाला येतील? मग मात्र मी मुद्दाम साबण लावायला लागले. कपडे धुवायची वडी असते ना, ती. चांगली कातडी ओढेपर्यंत. दुपारपर्यंत चेहरा असा काही तेल सोडायचा की काय सांगू. लोक सुंदर दिसायला धडपडतात, मी तिचे हात चेहऱ्यावर येत राहावेत म्हणून कुरूप राहायला धडपडत होते. आणि आज त्या पोरीच्या फोनवर बघितलं तर कळलं, की ठकीलाही मी बरी व्हायला नकोच होते. ‘आधी’ गेलं तर ती ‘नंतर’ कुणाच्या शेजारी लावणार? मायलेकींचं इतक्या वर्षांत एवढं एकमत कशावर झालं नव्हतं.

दुकान बंद झाल्यावर घरी निघाले तेव्हा डोकं नुसतं भणभणत होतं. औषधाच्या दुकानाच्या काचेवर, बसथांब्यावर, जिकडे तिकडे जाहिरातींतल्या त्याच त्या धुतल्या तांदळासारख्या बायका गालाला बोट लावून हसत होत्या. मी चालता चालता वाक्यं जुळवत होते. म्हणणार होते, माझा चेहरा वापरलास, हरकत नाही, तुझाच आहे. विचारलं असतंस तर हसत दिला असता. पण आई म्हणायला तुझी जीभ का झडली? मग तिच्या बाजूनंही मीच बोलत होते. पोर आहे, लाज वाटली असेल. हजारो लोक बघतात. आई म्हटलं तर लोक म्हणतील, म्हणजे तूही पुढे अशीच दिसणार की; मग बाटल्या कोण घेईल? शेजारच्या काकूंचं रक्त आपल्यात येत नाही, हे एक बरं असतं. तिची बाजू मला इतकी पटत गेली की माझा राग निम्म्यावर आला, आणि मग त्या निम्म्याचाच जास्त राग आला. व्हिडिओला आवाज ती मागाहून भरते, म्हणून हे कधी माझ्या कानावर आलं नाही. पण आता आठवलं, फोन सुरू केला की ती मला कधीच हाक मारायची नाही. एरवी आई चावी, आई दूध. आणि त्या खुर्चीत मात्र नुसतं, हं, मान वर, डोळे मिट. मला वाटायचं, कामात गढून गेलीय. घरी जाऊन बोलायचंच, असं ठरवलं. आणि बोलले की उद्यापासून खुर्ची नाही, हेही मला स्वच्छ दिसत होतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. जिन्याशी आले तर पाय, निर्लज्ज मेले, नेहमीसारखे हलके झाले.

दार उघडलं तर ठकी अधीर होऊन उभी. “आई, किती उशीर! बस लवकर, तोंड धुऊ नकोस.” खोलीत नवा गोल दिवा लावला होता, पांढराशुभ्र, त्याच्या मधोमध फोन. मी पर्स काढून ठेवली. म्हटलं, “ठकी, मला बोलायचंय जरा.” “नंतर बोल ना. आज थेट आहे. म्हणजे आत्ता, आपण करत असतानाच लोक बघणार. माझं पहिलंच आहे.” चेहरा खरंच सुरेख दिसत होता तिचा, आणि त्या उजेडात तो माझाच होता, फक्त कुणीतरी नीट ठेवलेला. माझे केस मागे बांधताना ती कानाशी येऊन म्हणाली, “आई, तू काही बोलू नकोस हं. नुसती बस. प्लीज.” म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी बसले. तिनं फोनला बोट लावलं, आणि तिचा आवाज एकदम गोड झाला, ओळखू न येण्याइतका. “हाय सगळ्यांना! आज माझ्याबरोबर कोण आहे? तुमच्या लाडक्या शेजारच्या काकू!” माझ्या मागे उभी होती ती. दिव्याच्या मधल्या फोनमध्ये आम्ही दोघी दिसत होतो, एकावर एक.

तिनं हात चोळून गरम केले आणि माझ्या चेहऱ्यावर ठेवले. तेच हात. मला वाटलं होतं, आज ते वेगळे लागतील, पण नाही, तसेच ऊबदार, तसेच हळू. बोलणं तिकडे, हात इकडे. आधी तेल, काट्यानं काटा, घासायचं नाही. एका शब्दाचं काम होतं. डोळे उघडून नुसतं म्हणायचं, मी हिची आई. हजारो लोकांपुढे. माझ्या जिभेवर आलं होतं ते, अगदी दातांपर्यंत. माझं तोंड हललं तसे तिचे हात गालांवर घट्ट झाले. घाबरली होती पोरगी. आणि मी म्हणाले, “काय गं, माझं इतकं करतेस, एकदा तुझ्या आईचंही कर की असं. दिवसभर उभी असते बिचारी.”

तिचे हात थांबले. तळव्यांखाली माझा चेहरा तसाच. मी डोळे मिटूनच होते. वाटलं, आता ही आई म्हणेल. रागानं म्हणेल, रडून म्हणेल, फोन आपटेल, काहीही, पण म्हणेल. मग ती बोलली, आणि तो गोड आवाज नव्हता, तिचा रोजचा होता.

“आईला नाही आवडत, काकू. तिला कुणी हात लावलेला आवडत नाही. तिनंही कधी लावला नाही. टॉवेल असायचा तिच्या हातात.”

मऊ होता तो, म्हणायचं होतं मला. चांगला बघून आणला होता. पण शेजारच्या काकूंना ते कसं माहीत असणार? मी म्हटलं, “असं होय.” तिनं माझा चेहरा धुतला, टिपला, टोनर थोपटला, सिरम लावलं, क्रीम लावलं. घाई केली नाही. एकदा माझ्या डोळ्यांखाली आलेलं पाणी तिनं अंगठ्यानं निरपून घेतलं, आणि डोळ्यांत गेलं का, असं काही विचारलं नाही. मग फोनकडे वळून तोच गोड आवाज लावला, सगळ्यांना सांगितलं की आता शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आणि दोन्ही हात माझ्या गालांवर नुसते ठेवून दिले.

“आता हलू नका हं, काकू,” ती म्हणाली. “मुरू दे.”

मी हलले नाही.